एकशे सहा नंबरचं कार्ड

१९३३ साल. अमेरिकेत मंदीचा कहर चाललेला. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीनं एका सेंटच्या बबलगमसोबत बेसबॉलपटूंचं एकेक रंगीत कार्ड द्यायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर क्रमांक होता आणि एकूण क्रमांक २४०. पोरं गम चघळून चघळून जबडे दुखवत होती, अदलाबदल करत होती. बेब रूथची तर चार वेगवेगळी कार्डं होती. १०५ मिळे, १०७ मिळे. १०६ मात्र कोणालाच मिळेना.

मिळणार कसं? ते छापलंच नव्हतं. गिऱ्हाईक संचाच्या आशेनं गम घेत राहावं म्हणून ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली, असं जाणकार मानतात. पालकांची आणि पोरांची तक्रारपत्रं आली, तेव्हा १९३४ मध्ये कंपनीनं १०६ क्रमांक छापला. त्यावर नॅप लाजॉय होता, खेळणं सोडून बरीच वर्षं झालेला दिग्गज. हे कार्ड दुकानात आलंच नाही. ज्यांनी पत्र लिहिलं होतं त्यांनाच ते टपालानं, पेपरक्लिप लावून, धाडलं. त्या क्लिपचा वळ आजही काही कार्डांवर दिसतो. म्हणजे १९३३ चा ‘पूर्ण’ संच करायचा, तर त्यात १९३४ चं एक कार्ड घालावं लागतं, तेही संचातल्या सर्वांत महागांपैकी एक.

गाउडीच्या कार्डांवर निदान क्रमांक तरी होते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या चिमुकल्या कार्डांवर तेही नव्हते. त्यांना आज ‘टी-२०६’ म्हणतात, पण हे नाव कंपनीनं दिलेलं नाही. ते दिलं सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी. संधिवातानं जखडलेल्या या गृहस्थांनी आयुष्यभर छापील चिठ्ठ्याचपाट्या जमवल्या, त्यांची सूची केली आणि तीन लाखांहून अधिक वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला देऊन टाकल्या. तिथं बसून त्या स्वतः वह्यांमध्ये चिकटवल्या. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं. दोन महिन्यांनी ते गेले.

या टी-२०६ ची कार्डं रूढ मोजणीनं ५२४. पण त्यांतली चार बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची: होनस वॅग्नर, एडी प्लँक आणि छपाईच्या चुकांमुळे दुर्मीळ झालेली दोन. एकात मॅगीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, दुसऱ्यात जो डॉयल भलत्याच लीगमध्ये गेलाय. वॅग्नरचं एक कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं. तेव्हा शहाणी माणसं ५२० वर थांबतात आणि संच झाला म्हणतात. त्यात लबाडी नाही, असं मला वाटतं. उलट पाठीमागच्या सिगारेट-जाहिरातीही धरायच्या म्हटल्या, तर सोळा ब्रँडांमुळे जोड्या हजारोंच्या घरात जातात. तिकडे वळलेला माणूस घरच्यांच्या हाती लागत नाही.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचाची अडचण निराळी. कार्डं ४०७. ती टप्प्याटप्प्यानं बाजारात आली. ३११ पासूनचा शेवटचा टप्पा येईपर्यंत हंगाम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे, दुकानदार माल घेईनात. उरलेली खोकी १९६० मध्ये पडावावर लादून अटलांटिकमध्ये बुडवली, असं टॉप्सचे साय बर्जर स्वतः सांगत. परिणाम गमतीचा आहे. मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड सगळ्यांना ठाऊक (एक प्रत २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकली गेली), पण त्याच टप्प्यातल्या कुणा विसरलेल्या राखीव खेळाडूसाठीही, सुरुवातीच्या टप्प्यातल्या तशाच खेळाडूच्या कितीतरी पट मोजावे लागतात. मँटल टाळला तरी उरलेले ९६ टळत नाहीत.

म्हणून कोणी ३१० वर रेघ मारतो, कोणी एकाच संघाची कार्डं घेतो, कोणी दुमडलेल्या कोपऱ्यांची, पेनानं गिरवलेली कार्डं चालवून घेतो. मला हे तिसरे लोक आवडतात. त्यांच्या संचात पोरांचे हात दिसतात.

गाउडीवाले मात्र अडतात ते १०६ पाशीच. नऊ खणांच्या प्लॅस्टिक पानांत संच लावला, की बाराव्या पानावर, खालच्या ओळीतला पहिला खण त्याचा. कोणी तिथं स्वस्तातली नवी प्रतिकृती सरकवतो. कोणी तो मोकळा ठेवतो. १९३३ च्या पोरांकडेही तो मोकळाच होता.