नागपुरातील मानव्यविद्यांचे संशोधन आणि अधिछात्रवृत्ती

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान अशा मानव्यविद्यांत पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्यास निर्वाहासाठी जी नियमित रक्कम मिळते, तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये, तर दोन वर्षांनंतरची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती 42,000 रुपये आहे. इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील संशोधकांना नागपुरात मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही संस्था असे साहाय्य देते.

मात्र पैशाने वेळ मिळतो, विद्वत्ता नव्हे. तिला वाद घालणारे, चुका दाखवणारे सहकारी लागतात. 1923 मध्ये विद्यापीठ स्थापन झालेल्या या शहरात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अध्यापन करीत वाकाटक राजवंशाचे ताम्रपट आणि शिलालेख वाचले, त्यांचा संग्रह 1963 मध्ये प्रसिद्ध केला आणि विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेतून अभ्यासकांचा मेळ जमवला. कोरीव अक्षरांचे वाचन एकट्याने क्वचितच निर्णायक ठरते, कारण एका झिजलेल्या अक्षराने राजाचे नाव किंवा वर्ष बदलू शकते. म्हणून अधिछात्रवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी अशा मंडळाच्या ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडावा.