प्रोटीनच्या साच्यातले रंग

सेमीकंडक्टर म्हटलं की आपल्याला डायोड, ट्रान्झिस्टर आणि व्हायवाची धडधड एवढंच आठवतं. बँडगॅप म्हणजे त्या पदार्थाचा ठरलेला आकडा, हेही आपण पाठ करून टाकतो. कॅडमियम सल्फाइडचा बँडगॅप २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो निळा प्रकाश शोषतो, म्हणून पिवळा दिसतो. पण याच पदार्थाचा कण दोन-तीन नॅनोमीटरचा केला, तर हा आकडा चक्क वाढतो!

असं का होतं? प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागे होल राहतो. या जोडीला हिंडायला साधारण ६ नॅनोमीटर जागा लागते. कण त्याहून लहान असला की जोडी कोंडली जाते आणि तिची ऊर्जा वाढते. सतारीची तार दाबून लहान केली की सूर चढतो ना, तसंच! असा कण म्हणजे क्वांटम डॉट. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच शोधाला मिळालं.

म्हणजे सगळा खेळ साइजचा. मग सगळे कण एका मापाचे कसे करायचे? एक रस्ता म्हणजे सुमारे ३०० अंश तापलेल्या द्रावणात रसायनं इंजेक्ट करणं. दुसरा रस्ता प्रोटीनचा. आपल्या शरीरात लोह साठवणारं फेरिटिन हे २४ तुकड्यांचं पोकळ गोळं असतं. आतली पोकळी ८ नॅनोमीटरची. लोह काढून टाकायचं, कॅडमियम आत जाऊ द्यायचं, मग सल्फाइड द्यायचं. मोदकाच्या साच्यासारखं! साच्याबाहेर कण वाढतच नाही, आणि माल कमी घातला तर कण आणखी लहान. वाँग आणि स्टीफन मान यांनी १९९६ मध्ये हे साध्या पाण्यात करून दाखवलं.

पण खरी गोम पुढे आहे. साच्याने माप जमतं, पृष्ठभाग जमेलच असं नाही. थंड पाण्यात वाढलेल्या कणावर अर्धवट बांधलेले अणू जास्त राहतात. इलेक्ट्रॉन त्यांत अडकतो, त्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश मंद, पसरट आणि लालसर होतो. थोडक्यात, शोषणाचा आलेख माप सांगतो आणि उत्सर्जनाचा आलेख पृष्ठभागाची तब्येत.

शिवाय कॅडमियम विषारी ते विषारीच. प्रोटीनचं आवरण चढवलं म्हणून ते सात्त्विक होत नाही. म्हणूनच फेरिटिनमध्ये झिंक सेलेनाइडही वाढवून पाहिलं गेलं.

तेव्हा कुणी चमकणारी बाटली दाखवली, तर नुसतं ‘वॉव’ म्हणू नका. दोन्ही आलेख मागा!