निवडणाऱ्यांची परीक्षा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचे फोटो आपण वर्तमानपत्रात नेहमी पाहतो. मधोमध मुलगा किंवा मुलगी, दोन बाजूंना आईवडील, कुणाच्या तरी हातात पेढ्यांचा डबा. या फोटोत दोन प्रकारची माणसं कधीच नसतात. ज्यांनी निवड केली ती, आणि ज्यांची निवड झाली नाही ती. आज मला या दोघांविषयी बोलायचं आहे. कारण गेली काही वर्षं मी स्वतः निवडणाऱ्यांच्या खुर्चीत बसतो आहे आणि त्या खुर्चीवरून माझ्या हातून एक चूक झाली आहे.

आमच्या भंडाऱ्यात एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ छोटी शिष्यवृत्ती सुरू केली. बारावीनंतर विद्यापीठाच्या पदवी वर्गात प्रवेश घेणाऱ्या पाच मुलांना तीन वर्षं खर्चाला मदत द्यायची, एवढंच तिचं स्वरूप. निवड समितीत पाच जण. दोन निवृत्त प्राध्यापक, एक डॉक्टर, एक वकील बाई आणि मी. माझं शिक्षण साधं बी.ए. पण कविता लिहितो म्हणून मला बोलावलं. मुलाखतीच्या तक्त्यात 'व्यक्तिमत्त्व व भाषा' असा वीस गुणांचा रकाना होता. तो सगळ्यांनी माझ्याकडे सोपवला.

पहिल्या वर्षी तेवीस अर्ज आले. जुलैचा रविवार होता, पाऊस कोसळत होता. पवनीकडच्या एका गावातून एक मुलगी पहिल्या एस.टी.नं आली होती. वडील वैनगंगेत मासे धरणारे. बारावीला गुण चांगले होते. प्राध्यापकांनी विचारलं, "पुढे काय करायचंय?" ती म्हणाली, "मले शिकाचं आहे जी." "ते ठीक, पण कशासाठी?" ती गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, "थोडं पानी भेटन का?" समितीतले एक जण माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. वीसपैकी मी तिला सात गुण दिले. संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा ती सहावी होती. दोन गुणांनी राहिली. कुणी वशिला लावला नव्हता, कुणी पैसे खाल्ले नव्हते. आम्ही चहा घेतला, समोसे खाल्ले आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी गेलो.

ती मुलगी झाडीबोली बोलत होती. तुमची, माझी, या धानाच्या मुलखाची बोली. तिची साहित्य संमेलनं भरतात, मी तिथे जातो, टाळ्या वाजवतो. आणि तीच बोली एका गरजू मुलीच्या तोंडी आली तेव्हा मी गुण कापले. "मुसलमान असून तुमचं मराठी किती शुद्ध हो!" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं, मला दर वेळी काटा टोचतो. त्या रविवारी तोच काटा मी दुसऱ्याला टोचला होता.

तेव्हापासून मी या निवडीच्या व्यवहाराकडे जरा बारकाईनं बघू लागलो.

शिष्यवृत्त्या ढोबळमानानं दोन प्रकारच्या असतात. एक हक्काची. अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती मिळते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली, ती या प्रकारची. आज त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज भरतात, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला जोडतात. तिथे कुणी कुणाची मुलाखत घेत नाही. दुसरी निवडीची. जागा थोड्या, अर्ज जास्त. तिथे कुणाला तरी, कशावरून तरी, हा घ्यावा आणि तो ठेवावा, असं ठरवावं लागतं.

हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गुण. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती सर्वांना माहीत आहे. मॅट्रिकला संस्कृतात जो पहिला येईल त्याला ती मिळणार. १९१२ साली ती मिळवणारा मुलगा म्हणजे सी. डी. देशमुख. पुढे ते आय.सी.एस. झाले, आपल्या जुन्या मध्य प्रांतात त्यांनी नोकरी केली, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. गुणांनी केलेली ही निवड किती अचूक होती, बघा.

पण त्याच काळातला, त्याच मुंबईतला दुसरा एक विद्यार्थी घ्या. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. साडेसातशेपैकी गुण दोनशे ब्याऐंशी. गुणांच्या यादीत हे नाव कुणाच्या नजरेतही भरलं नसतं. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

मग बाबासाहेब कुणाच्या नजरेत भरले? कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या एका शिक्षकाच्या. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींनी हेरला. त्याच्याशी ते बोलू लागले, त्याला पुस्तकं देऊ लागले. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढे इंटरनंतर घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली आणि शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला भेटीला बोलावलं, प्रश्न विचारले आणि महिना पंचवीस रुपये मंजूर केले. बी.ए. झाल्यावर ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची.

एकाला गुणांनी निवडलं, दुसऱ्याला माणसांनी. पुढे १९५० आणि ५१ साली हे दोघे स्वतंत्र भारताच्या एकाच मंत्रिमंडळात बसले. देशमुख अर्थमंत्री, बाबासाहेब कायदामंत्री. मला वाटतं, निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गुणांची यादी खोटी नसते, पण अपुरी असते.

सयाजीराव महाराजांना ही नजर कुठून आली असेल? तेही एके काळी निवडले गेलेले मूल होते. नाशिक जिल्ह्यातलं कवळाणा हे त्यांचं गाव, शेतकऱ्याचं घर. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंना दत्तक मुलगा हवा होता. तिघं भाऊ पुढे उभे केले. इथे कशासाठी आलात, असं विचारल्यावर, राज्य करायला आलो, असं उत्तर गोपाळ या मुलानं दिलं, अशी कथा सांगतात. बारा वर्षांच्या त्या मुलाला तेव्हा धड लिहितावाचता येत नव्हतं. त्या दिवशी कुणी 'व्यक्तिमत्त्व व भाषा' या रकान्यात गुण दिले असते तर?

या हकिगतीत मला महाराजांइतकेच केळुसकर गुरुजी मोठे वाटतात. देणारा राजा होता, पण मुलाला राजापर्यंत पोचवणारा एक शाळामास्तर होता. म्हणजे खरी निवड मुलाखतीच्या टेबलावर होतच नाही, ती त्याआधीच झालेली असते. ज्याला अर्ज कुठे मिळतो हे ठाऊक नाही, ज्याच्या शाळेत नोटीस लागलीच नाही, तो टेबलापर्यंत येण्याआधीच नापास झालेला असतो. आमचे ते पहिले तेवीस अर्ज मी पुन्हा काढून पाहिले. एकोणीस भंडारा शहर आणि तुमसरचे. लाखांदूर तालुक्यातून एकही नाही. लाखांदुरात हुशार आणि गरीब मुलं नाहीत, असं कोण म्हणेल?

मी समितीपुढे हे मांडलं. वाद झाला. डॉक्टर म्हणाले, "ज्याला गरज आहे तो येईलच की शोधत." वकील बाईंनी उत्तर दिलं, "ताप आहे हे कळायलासुद्धा आधी थर्मामीटर लागतं, डॉक्टर." मग हळूहळू काही गोष्टी बदलल्या.

आता आम्ही निकालानंतर सातही तालुक्यांतल्या शाळांत पत्र पाठवतो आणि शिक्षकांनाच विचारतो, तुमच्याकडचं असं मूल कोणतं, जे स्वतःहून अर्ज करणार नाही? अर्ज एका पानाचा केला. उत्पन्नाचा दाखला मुलाखतीच्या दिवशी मागत नाही, निवडीनंतर मागतो, कारण तहसीलच्या चार चकरा म्हणजे चार दिवसांची मजुरी. 'व्यक्तिमत्त्व व भाषा' हा रकाना काढला. आधी पाचही जण आपापले गुण वेगळ्या कागदावर लिहून ठेवतात, मग चर्चा. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत पाचांचं होऊन बसतं. उमेदवार कुणाच्या नात्यातला, शेजारातला असेल तर त्यानं उठून बाहेर जायचं. मी दोनदा उठलो आहे. अवघड वाटतं, पण बाहेर पावसात उभं राहिलं की बरंही वाटतं.

मोठ्या जगातही निवडणारे असे अडखळत शिकले आहेत. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती जगात नावाजलेली. सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला. विद्वत्ता, खेळ, चारित्र्य आणि नेतृत्व यांना किती वजन द्यायचं, हे त्यानं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. इतका बारीक विचार करणाऱ्या त्या मृत्युपत्रात मुलींना मात्र जागा नव्हती. ती १९७७ साली मिळाली. १९०७ साली अमेरिकेतून ॲलन लॉक हा कृष्णवर्णीय तरुण निवडला गेला, तर ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांनी त्याला प्रवेश नाकारला. शेवटी हर्टफर्ड कॉलेजनं घेतलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकन निवडलाच गेला नाही. याउलट आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोघी होत्या. दोघीही डॉक्टर. म्हणजे काळच तसा होता, हे कारण दर वेळी चालत नाही.

लॉकच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे. निवड केली म्हणजे निवडणाऱ्याचं काम संपलं, असं नाही. बाबासाहेब १९१७ साली करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तिथूनही बाहेर काढलं गेलं. राजानं निवडलं होतं, गावानं नाही. म्हणून आम्ही आता निवडलेल्या प्रत्येक मुलामागे समितीतला एक जण नेमतो. वसतिगृह मिळालं का, मेसचं काय, वर्गात कुणी टोचून बोलतं का, हे त्यानं तीन वर्षं विचारत राहायचं.

बाबासाहेबांचं नाव आपल्या जिल्ह्यात घेताना आणखी एक तारीख आठवते. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. ते हरले. तो लोकशाहीतला कौल होता, त्याच्याशी मला भांडायचं नाही. पण त्या वेळी निवड समितीत आपला अख्खा जिल्हा बसला होता. निवडणाऱ्यांच्या हातून काय निसटू शकतं, हे भंडाऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

ती पवनीकडची मुलगी मला पुन्हा भेटली. चारेक वर्षांनी, पवनीच्याच बसमध्ये. कडेवर मूल होतं. तिनंच मला ओळखलं. मी विचारलं, "पुढे शिकलीस का?" ती म्हणाली, "नाही जी." मग जरा थांबून म्हणाली, "मले वाटलं, माझंच काही चुकलं." मी काही बोलू शकलो नाही. चूक माझी होती आणि ती चार वर्षं तिनं वाहिली होती. तिला कुणी एक ओळसुद्धा कळवली नव्हती. त्या दिवशी बसमध्ये मी तिला सांगायला हवं होतं. तिचा थांबा आला, ती उतरून गेली.

आता निवड न झालेल्या प्रत्येक मुलाला आम्ही पत्र लिहितो. छापील नाही, हातानं. का राहिलात, यात तुमचा दोष किती आणि जागा कमी असण्याचा किती, आणखी कुठे अर्ज करता येईल, हे सगळं त्यात असतं. ही पत्रं लिहिण्याचं काम मी मागून घेतलं आहे. एका पत्राला कधी अर्धा तास लागतो. कधी लिहिता लिहिता लक्षात येतं की, या मुलाला नाकारण्यासाठी आपल्याकडे पटण्यासारखं कारणच नाही. तेव्हा मी पेन खाली ठेवतो आणि समितीला फोन करतो. आजवर दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा निकाल बदलला.