विमान शहाण्णव बाइटचं, खिडकी बत्तीस जीबीची

संगणकाच्या दुकानात जाऊन ‘फ्लाइट सिम्युलेटर चालवायचंय, रॅम किती टाकू?’ असं विचारलं, की काउंटरमागचा मुलगा मान वर न करता सांगतो, ‘बत्तीस टाका.’ आपला चेहरा पडलेला दिसला तर म्हणतो, ‘सोळातही चालेल, पण मग मला बोलू नका.’ उत्तर चुकीचं नाही. पण एवढ्या बत्तीस जीबीत भरतात तरी काय, असं विचारलं की तो फोन आल्यासारखं करतो.

विमानापासून सुरुवात करू. हवेतल्या विमानाची या क्षणाची अवस्था बारा आकड्यांत मावते. ते कुठे आहे याचे तीन आकडे, कुठल्या दिशेने किती वेगात चाललंय याचे तीन, नाक आणि पंख किती कललेत याचे तीन आणि तो कल किती झपाट्याने बदलतोय याचे तीन. आकडा अगदी अचूक हवा म्हणून प्रत्येकाला ८ बाइट देऊ. बारा आठे शहाण्णव. या परिच्छेदाचं पहिलं तीन शब्दांचं वाक्य युनिकोडमध्ये साठवायला ६६ बाइट लागतात. विमान त्याच्या जेमतेम दीडपट! इंधन, इंजिनाचं तापमान, कुठल्या कोनात पंख किती उचल देतो याचे तक्ते, हे सगळं जोडलं तरी बत्तीस जीबीच्या कोपऱ्यातही ते दिसणार नाही. हे आकडे सेकंदाला कित्येक वेळा नव्याने मांडावे लागतात खरे, पण ती हमाली प्रोसेसरची. मेमरी खाते ती खिडकी.

खिडकीच नसेल तर? एडविन लिंक या अमेरिकी तरुणाने १९२९ मध्ये तेच केलं. वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने वैमानिकांच्या सरावासाठी एक बुटकं लाकडी विमान बनवलं. वर झाकण ओढून घ्यायचं आणि समोरच्या तबकड्या बघत ‘उडायचं’. १९३४ मध्ये टपाल वाहताना खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने ही सहा यंत्रं विकत घेतली. लागलेली मेमरी शून्य.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे असा सिम्युलेटर मागितला, ज्यात विमानाचे आकडे बदलले की त्याचं वागणंही बदलेल. जे फॉरेस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की याला त्या क्षणी उत्तर देणारा अंकीय संगणक हवा. तो त्यांनी बांधला, नाव व्हर्लविंड. अडचण आली ती नेमकी मेमरीची. आकडे साठवणाऱ्या काचेच्या नळ्या बेभरवशाच्या होत्या. मग फॉरेस्टरने फेराइटच्या मण्यांएवढ्या कड्या तारांच्या जाळीत ओवल्या. एक कडी म्हणजे एक बिट, ३२ गुणिले ३२ च्या एका जाळीत १०२४ बिट. १९५३ मध्ये ही मेमरी व्हर्लविंडला बसली आणि पुढची वीसेक वर्षं जगभरचे संगणक अशाच कड्यांवर चालले. सिम्युलेटर मात्र तोवर मागेच पडला होता. वरात निघाली, नवरदेव घरीच राहिला.

घरच्या संगणकावर विमान आणलं ब्रूस आर्टविकने. ॲपल-२ वरचा त्याचा पहिला सिम्युलेटर १६ किलोबाइटमध्ये चालायचा आणि त्या यंत्राच्या चित्रपडद्याचं एक पानच ८ किलोबाइट घ्यायचं. म्हणून त्याचं जग म्हणजे सहा बाय सहा चौकोनांची रेघारेघांची जमीन. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या आवृत्तीला ६४ किलोबाइट लागले आणि शिकागोचा मेग्ज फील्ड विमानतळ मिळाला. खिडकी मोठी झाली, त्याबरोबर मेमरी वाढली. विमानाची बारा आकड्यांची अवस्था तेवढीच राहिली.

आता आजची खिडकी. विमानाभोवतीची ५० किलोमीटरपर्यंतची जमीन, एका मीटरला एक ठिपका या हिशेबाने मांडली, तर ठिपके होतात साधारण ७८५ कोटी. रंगाचे प्रत्येकी ३ बाइट धरले की साडेतेवीस जीबी संपले, आणि अजून एकही झाड लागलेलं नाही, इमारत उभी नाही. ठिपका अर्ध्या मीटरचा केला तर मेमरी दुप्पट नाही, चौपट. म्हणून सिम्युलेटर लबाडी करतो. पायाखालची जमीन बारीक ठेवतो आणि दूरची जाडीभरडी. विमानाभोवतीचं जमिनीचं कडं दुप्पट रुंद झालं की ठिपकाही दुप्पट मोठा, त्यामुळे प्रत्येक कड्याचा खर्च सारखाच राहतो. तुम्ही घाट ओलांडता तसा मागचा डोंगर फेकून पुढचा उचलला जातो. वेग वाढला की ही उचलाउचल धापा टाकते आणि पडद्यावर झटके बसतात.

मेमरी पेटीत असूनही हाताला न लागण्याचा एक काळ होता. तेव्हाचा सिम्युलेटर मेमरीतलं घर ३२ बिटांच्या पत्त्याने शोधायचा, आणि अशा पत्त्यात एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ घरंच मोजता येतात, म्हणजे ४ जीबी. माझ्या संगणकात तेव्हा आठ होते आणि मी खुशीत होतो. एका रविवारी मुंबईहून निघून साडेनऊ तास उडालो. लंडन समोर आलं, धावपट्टीचे दिवे दिसले. शहर, ढग आणि नव्याने घेतलेला नक्षीदार विमानतळ हे सगळं एकदम मेमरीत शिरायला गेलं, पत्ते संपले आणि पडद्यावर फक्त डेस्कटॉप उरला. उरलेले चार जीबी रिकामेच बसून होते. घरातून प्रश्न आला, ‘पोचलास का?’

२०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने अख्खी पृथ्वीच आणली. उपग्रहचित्रांचे सुमारे २ पेटाबाइट, म्हणजे २० लाख जीबी, दूरच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि लागेल तेवढा तुकडा इंटरनेटवरून ओढायचा. तरीही डिस्कवर १५० जीबी लागायचे. २०२४ च्या आवृत्तीत ते ५० वर आले. रॅम मात्र उलटी चढली. किमान ८ ची १६ झाली आणि शिफारस १६ वरून ३२ वर गेली. माल गोदामात ठेवा नाहीतर सातासमुद्रापार, दुकानाच्या ओट्यावर मांडायला जागा तेवढीच लागते.

तर दुकानातला मुलगा बरोबर आहे. बत्तीस टाका. चौसष्टचे पैसे वाचवा आणि ग्राफिक्स कार्डाकडे वळवा. त्याची मेमरी वेगळी असते आणि दोन्ही बाजूंना ४०९६ ठिपके असलेलं एक चित्र तिथे न दाबता ठेवलं तर ६४ एमबी घेतं. कॉकपिटमध्ये अशी चित्रं एक-दोन नसतात.

मागच्या जुलैत मी जुहूवरून छोटं विमान उडवलं. जिथे १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेच जुहू. हवामान खरं लावलं होतं, पुण्याकडे निघालो. खंडाळ्याच्या अलीकडेच ढगात शिरलो आणि खिडकी पांढरी झाली. डोंगर नाही, रस्ता नाही, काही नाही. बाजूच्या पडद्यावर रॅमचा आकडा पाहिला, तर अर्ध्याहून जास्त भरलेली. सगळी घाटमाथ्याची जमीन, एकेक झाड, त्या पांढऱ्याच्या पलीकडे तयार उभं. मी लिंकच्या झाकणाखाली बसल्यासारखा तबकड्या बघत पुण्यापर्यंत गेलो.