तान्हं बाळ घेऊन नाशिकच्या वायनरीत: जायचं का, आणि कसं?

आजचा एपिसोड एका प्रश्नावर आहे. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन नव्या आयांनी तो विचारला, आणि सासूबाईंनीही, फक्त जरा वेगळ्या सुरात: "वायनरीत बाळाचं काय काम?"

प्रश्न रास्त आहे. पण वायनरी म्हणजे बार नव्हे. तो आधी द्राक्षमळा असतो, मग कारखाना आणि शेवटी रेस्टॉरंट. ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांची सुला २००० साली गंगापूर धरणाजवळ सुरू झाली. आता शेजारी यॉर्क आहे, इगतपुरीकडे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. दुपारी तिथं आजी-आजोबांसकट जेवायला आलेली कुटुंबं दिसतात. आम्ही आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन गेलो, त्यातून जमलेला हा हिशोब.

आधी रस्ता. वारजे, वाकड, नाशिक फाटा आणि मग नाशिक हायवे; साधारण २२० किलोमीटर. बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवायचं नाही, म्हणून आम्ही नारायणगाव आणि संगमनेरला थांबलो. गंमत म्हणजे शाम चौगुलेंनी १९८०च्या दशकात वाइन बनवायला सुरुवात केली, ती याच नारायणगावात! कार सीट मागेच लावा, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मांडीवर बाळ ही सोय नाही, धोका आहे. शिवाय कायद्यानंही मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागते, नाहीतर १,००० रुपये दंड.

कधी जायचं? काढणीचा हंगाम जानेवारी ते मार्च. बघायला तेव्हाच मजा, पण गर्दीही तेव्हाच. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर पोचा. सुलाफेस्टचा वीकेंड तर टाळाच, तो आवाज बाळाच्या कानांना झेपणारा नाही. टूरला बाळ चालतं का, हे बुकिंगआधी फोन करून विचारा.

स्ट्रोलर की कॅरियर? कॅरियर. खडी आणि पायऱ्यांवर स्ट्रोलर अडतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. द्राक्षरस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो, आणि स्ट्रोलरमधलं बाळ नेमकं खालीच असतं. हंगामात टाक्यांच्या खोलीत एकानं आत जावं, दुसऱ्यानं बाळासोबत बाहेर थांबावं. मळ्यात फवारणी चालू असेल तर तिकडेही फिरकू नका.

आता मुख्य मुद्दा: दूध पाजणाऱ्या आईनं वाइन घ्यावी का? अजिबात न घेणं सगळ्यात सुरक्षित. घ्यायचीच तर अमेरिकेतल्या सीडीसीचा सल्ला असा: दिवसाला जास्तीत जास्त एक ड्रिंक, म्हणजे साधारण १५० मिलिलिटर वाइन, आणि नंतर किमान दोन तास थांबून मगच पाजायचं. दूध काढून फेकलं की झालं, हा गैरसमज आहे. रक्तात अल्कोहोल आहे तोवर ते दुधातही येत राहतं. म्हणून आधी पाजा, मग टेस्टिंग. आणि प्यायल्यावर बाळाला शेजारी घेऊन झोपू नका.

गाडी कोण चालवणार? कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पण हे गणित मांडूच नका. चालवणारा शून्य. आम्ही नाशिकला मुक्काम केला, तरी त्या दिवशी नवरा द्राक्षाच्या ज्यूसवरच होता.

बाळाचं जेवण. मऊ भात, वरण घरून डब्यात न्या, किंवा किचनला बिनमिठाचा भात मागा. द्राक्षं समोर असतील, पण अख्खं द्राक्ष घशात अडकतं. उभे चार तुकडे करूनच द्या. वर्षाच्या आत मध नाही.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं: बाळाचं वायनरीत काम काहीच नाही, पण आईला एक दिवस मोकळी हवा मिळणं हेही बाळाच्या कामाचंच आहे. पुढच्या वेळी त्या सोबत येणार आहेत.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!