बांधावर टाकलेला पालाश

केळी हे खादाड पीक आहे, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खतदुकानातली उधारीची वही ते सांगते. राज्यातली शिफारस झाडामागे नत्र आणि पालाश प्रत्येकी २०० ग्रॅम अशी आहे, स्फुरद त्यामानाने थोडं. दीड बाय दीड मीटरवर एकरी १,८०० च्या आसपास झाडं बसतात. सगळं गोणीतूनच द्यायचं म्हटलं, तर एकरी सतराएक गोण्या युरिया आणि बाराएक गोण्या पोटॅश लागतो. गव्हाचं युरियाच्या अडीच गोण्यांत भागतं.

एवढं खत जातं कुठे? २५ किलोचा घड गाडीत चढला की त्याच्याबरोबर शेताबाहेर पडतं ते सुमारे ४५ ग्रॅम नत्र आणि शंभर ग्रॅमच्या वर पालाश. उरलेल्या नत्रातलं काही खोडा-पानांत राहतं, काही पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं, आणि तापीकाठच्या चुनखडीच्या जमिनीत वरवर फेकलेल्या युरियातलं बरंचसं अमोनिया होऊन उडून जातं. पालाश असा उडत नाही. भारी काळ्या जमिनीतून तो सहसा वाहूनही जात नाही. घडात न गेलेला त्याचा मोठा हिस्सा खोडात, पानांत, कंदात शिल्लक असतो. आणि घड उतरल्यावर हीच खोडं आपण बांधावर, नाल्यात नाहीतर रस्त्याकडेला लोटतो. ओल्या वजनात हेक्टरी ६० ते ८० टन!

एरवी सेंद्रिय खत म्हटलं की शेणखताचं नाव निघतं. झाडामागे १० किलो शेणखत द्या, हे सांगायला सोपं आहे. एकराला ते १८ टन होतं, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात बैल राहिलेत किती? मिळालं तरी त्यातलं नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेलं असतं. जिवाणूंनी ते मोकळं केल्याशिवाय मुळांना मिळत नाही, आणि पहिल्या वर्षी निम्म्याहून कमीच मोकळं होतं. शेणखत कच्चं, काडीकचऱ्याचं असेल तर उलटंच होतं: कर्ब भरपूर, नत्र तुटपुंजं, म्हणून जिवाणू जमिनीतलंच नत्र काही काळ स्वतःसाठी ओढून घेतात.

केळीला हा उशीर परवडत नाही. घडाला किती फण्या येणार, हे निसवणीच्या बरंच आधी, चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास खोडाच्या पोटात ठरून जातं. म्हणून शेणखत चांगलं कुजलेलं हवं आणि ते लागवडीच्या वेळीच पडायला हवं. सुरुवातीला दोन ओळींमध्ये ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडला, तर त्याचं कोवळं नत्र लवकर हाती लागतं. एवढं केलं तर रासायनिक नत्र पाव हिश्शाने कमी करायला हरकत नाही. पहिल्याच वर्षी युरिया पूर्ण बंद करा, असं सांगणाऱ्यांनी आधी स्वतःच्या बागेत तसं करून दाखवावं.

पालाशाला मात्र जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही. वनस्पतीत तो कशात बांधलेला नसतो, पेशीरसात विरघळलेला असतो. खोडाचे तुकडे झाले, पेशी फुटल्या, की तो पाण्याबरोबर जमिनीत उतरतो. म्हणजे सेंद्रिय मार्गाने सगळ्यात लवकर कमी करता येण्यासारखं खत कुठलं असेल, तर ते पोटॅश. युरियावर सरकारचं भरघोस अनुदान आहे. पोटॅश जवळजवळ सगळा परदेशातून येतो आणि त्याच्या गोणीला युरियाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. तरी खत वाचवायची चर्चा आपल्याकडे युरियाभोवतीच फिरते. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवखत तयार केलं, ते या रसातलं अन्न ओळखूनच.

शेतात करायचं ते फार अवघड नाही. पिलबाग ठेवायची असेल तर घड काढल्यावर आईचं खोड लगेच बुडापासून तोडू नये. वरून टप्प्याटप्प्याने कापलं तर त्यातलं अन्न आणि पाणी कंदातून पिलाला मिळत राहतं. बाग मोडायची असेल तर श्रेडरने खोडाचा भुगा करून तो जागेवरच मिसळावा आणि नव्या लागवडीआधी कुजायला वेळ द्यावा. मग माती परीक्षणात पालाश किती येतो ते पाहून पोटॅशच्या गोण्या ठरवाव्यात. मर रोगाची खोडं मात्र यात घेऊ नयेत, कारण त्या बुरशीचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि भुग्याबरोबर अख्ख्या शेतात पसरतील. सीएमव्हीची, म्हणजे आपल्याकडच्या हरण्या रोगाची झाडं तर घडाची वाट न पाहता, दिसली तशी कंदासकट उपटून नष्ट करायची असतात.