विश्लेषण : माळ्यावरचे जुने रीळ प्रोजेक्टरला लावताय? बटण दाबण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर : घराला रंग द्यायचा असो, वाड्याची वाटणी असो की दिवाळीची साफसफाई, माळा रिकामा करताना एखाद्या घरात पत्र्याचा गोल डबा हाती लागतो. आत करंगळीपेक्षा बारीक फिल्मचे रीळ असते. सोबत आजोबांचा प्रोजेक्टर मिळाला तर मग कोणाला धीर धरवत नाही. भिंतीवर चादर लागते, दिवे बंद होतात, बटण दाबले जाते. काही सेकंद आजीची वरात दिसते. मग चित्र उड्या मारू लागते, पडद्यावर तपकिरी फोड उठतो आणि खोलीत जळका वास पसरतो.

असे का होते? आणि ते टाळता येते का?

नुकसान एवढे मोठे का?

घरगुती ८ मिमी फिल्म बहुतेक वेळा ‘रिव्हर्सल’ प्रकारची असते. म्हणजे कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली, तीच धुऊन प्रोजेक्टरसाठी परत येत असे. फोटोला असते तशी निगेटिव्ह इथे नसते. त्यामुळे डब्यातले रीळ हीच मूळ प्रत आणि बहुधा एकमेव प्रत. त्यातली एक फ्रेम जळाली की ती कायमची गेली.

फिल्मचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा यांनी १९२५ मध्ये मौन स्वीकारले ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत. आधी अक्षरफलक आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणा, असा त्यांचा संवाद चाले. त्या खुणा कशा होत्या, हे पुस्तक वाचून कळत नाही. त्यासाठी त्यांच्या हयातीत चित्रित झालेली फिल्मच पाहावी लागते.

आपल्याकडे कोणती रिळे सापडतात?

फिल्म तीन-चार मापांची असते आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

• ३५ मिमी : थिएटरची आणि जत्रेतल्या तंबू सिनेमाची फिल्म. घरच्या प्रोजेक्टरवर चालत नाही.

• १६ मिमी : शाळा, संस्था आणि सरकारी प्रचाराच्या गाड्या वापरत. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट गावच्या चावडीसमोर याच मापावर दाखवले जात.

• रेग्युलर ८ : १९३२ मध्ये आलेली घरगुती फिल्म. छिद्रे मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेजवळ.

• सुपर ८ : १९६५ मध्ये आली. रुंदी तेवढीच, पण छिद्रे लहान आणि फ्रेमच्या मध्यावर. रिळाचे मधले भोक मात्र मोठे.

रेग्युलर ८ आणि सुपर ८ ही नवख्यांची सर्वांत नेहमीची गफलत. रुंदी सारखी असल्याने फिल्म प्रोजेक्टरमध्ये शिरते. पण दात्यांचे आणि छिद्रांचे अंतर जुळत नाही. दाते छिद्राऐवजी फिल्मवरच बसतात आणि ती चिरत जातात. काही प्रोजेक्टर दोन्ही मापे चालवतात, पण त्यावरचा खटका योग्य जागी असावा लागतो.

लावण्याआधी काय तपासायचे?

१. वास : डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर थांबा. फिल्मचा अ‍ॅसिटेट थर विघटित होऊन त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटत असते. याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. सुटलेले आम्लच पुढच्या विघटनाला वेग देते. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे मुख्य कारण. अ‍ॅसिटेट फिल्म अशी खराब झाल्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली, ती भारत सरकारकडूनच. नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीत जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल याची कल्पना करता येईल.

२. आकसणे : जुनी फिल्म लांबीतही आकसते. घरी करता येण्यासारखी चाचणी अशी : त्याच मापाच्या नव्या कोऱ्या पट्टीशेजारी जुनी फिल्म ठेवा, पहिले छिद्र जुळवा आणि १०० छिद्रे मोजा. शेवटी पूर्ण एका छिद्राचा फरक पडला तर फिल्म १ टक्का आकसली आहे. एवढी आकसलेली फिल्म प्रोजेक्टरवर चालवू नये.

३. बुरशी : पांढरे जाळे किंवा ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि फडक्यासोबत चित्रही निघून येते.

४. नायट्रेट : १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती पेटली की स्वतःच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळे खाक झाली. अशी फिल्म घरात लावायचीच नाही. ८ आणि १६ मिमी फिल्म मात्र सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ प्रकारची आहे. तिचा भडका उडत नाही, पण ती वितळते.

चित्र उडते का? फ्रेम जळते का?

प्रोजेक्टरमध्ये फिल्मची चाल दोन प्रकारची असते. दातेरी चाकांवर ती सलग सरकते. दिव्यासमोरच्या गेटमध्ये मात्र ती थांबत थांबत जाते. छोटी नखी छिद्रात शिरते, एक फ्रेम खाली ओढते, फ्रेम क्षणभर स्थिर राहते, मग पुढची. या दोन चालींचा मेळ घालण्यासाठी गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा ठेवतात. त्याला लूप म्हणतात.

नवखा माणूस फिल्म ताणून लावतो, कारण तशी ती नीट बसल्यासारखी वाटते. पण लूप नसेल तर प्रत्येक ओढीचा झटका थेट छिद्रांवर बसतो. छिद्रे फाटतात आणि चित्र उडू लागते. चित्र उडाले की फिल्म हाताने खेचू नका. मशीन थांबवा, दिवा बंद करा आणि लूप पुन्हा घाला.

जळण्याचे कारणही इथेच आहे. धावणारी फ्रेम दिव्यासमोर सेकंदाचा अंशच असते. रेग्युलर ८ साधारण १६ आणि सुपर ८ साधारण १८ फ्रेम प्रतिसेकंद वेगाने चालते. फिल्म अडकली आणि दिवा चालू राहिला तर सगळी उष्णता एकाच फ्रेमवर पडते. म्हणून पहिल्या वेळी बोट दिव्याच्या बटणावरच हवे.

पडद्यावर सलग उभी रेघ दिसत असेल तर गेटमध्ये कचरा आहे. तो कण फिल्मच्या पूर्ण लांबीवर ओरखडा काढत जातो. ५० फुटांच्या सुपर ८ रिळाला जेमतेम ३ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढ्यात सगळे रीळ खराब होते. प्रत्येक रिळाआधी गेट मऊ ब्रशने झाडा. चिकटलेला थर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने काढा. पिन किंवा स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

विजेच्या बाबतीत काय चुकते?

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला प्रोजेक्टर ११० ते १२० व्होल्टचा असू शकतो. तो थेट २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला की दिवा उडतो आणि मोटरही जाऊ शकते. मागची पट्टी वाचा. व्होल्टेजचा खटका असेल तर तो बदला, नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

हॅलोजन दिवा उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचे तेल काचेवर राहिले की ती जागा जास्त तापते आणि दिवा लवकर जातो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले रबरी बेल्ट वितळून चिकट होतात किंवा तुकडे पडतात. म्हणून आधी फिल्म न लावता मशीन पाच मिनिटे चालवा. पंखा फिरतो का, धूर किंवा वास येतो का, ते बघा. मग एखाद्या निरुपयोगी पट्टीवर सराव करा. घरचे रीळ सर्वांत शेवटी.

फिल्म तुटली तर?

हाताशी असलेली साधी चिकटपट्टी लावण्याचा मोह होतो. तिचा गोंद काही काळाने पाझरतो, शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि जोड गेटमध्ये अडकतो. त्याच मापाची स्प्लायसिंग टेप वापरा. ती नसेल तर तुटलेली टोके तशीच ठेवा. सैल रीळ घट्ट करण्यासाठी टोक ओढणेही टाळा. वेढे एकमेकांवर घासून ओरखडे पडतात.

मग पाहायचे कसे?

फिल्मला वास येत असेल, ती आकसली असेल किंवा एकच प्रत असेल तर प्रोजेक्टरऐवजी स्कॅनिंग हा सुरक्षित मार्ग. दात्यांऐवजी रोलरवर फिल्म सरकवणारे स्कॅनर मिळतात. त्यात छिद्रांवर ताण येत नाही. काम देण्याआधी ‘स्कॅनर दात्यांचा आहे की रोलरचा’ आणि ‘प्रत्येक फ्रेम वेगळी स्कॅन होते का’ हे दोन प्रश्न विचारा. एखाद्या संस्थेचे, आंदोलनाचे किंवा जुन्या चित्रपटाचे रीळ सापडले तर पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधता येईल. ते १९६४ पासून हेच काम करते.

स्कॅन झाल्यावरही मूळ रीळ फेकू नका. माळ्यावरून काढून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा. आंबट वासाची रिळे वेगळी ठेवा.

आणखी एक काम लगेच करण्यासारखे आहे. घरगुती फिल्म बहुतेक मूक असतात. वरातीत पुढे कोण चालले आहे, कडेवरचे बाळ कोणाचे, हे त्यावर लिहिलेले नसते. स्कॅन केलेली फिल्म घरातल्या ज्येष्ठांना दाखवा आणि ते नावे सांगत असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून घ्या. रीळ जपून ठेवता येते, पण त्यातली माणसे ओळखणारे फार काळ राहत नाहीत.